माधवराव चितळे आणि पाण्याचा हिशोब

सरकारी इंजिनियर म्हटलं की लोकांना टेंडर, फायली आणि बदल्याच आठवतात, पण माधवराव चितळेंची कारकीर्द बघितली की मला खरंच भारी वाटतं. चाळीसगावचा माणूस, पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून शिकून राज्याच्या पाटबंधारे खात्यात आला आणि पुढे थेट केंद्रात जलसंसाधन सचिव झाला. १९९३ ला स्टॉकहोम वॉटर प्राइझ मिळालं, पाण्याच्या कामासाठी जगात याहून मोठा मान नाही, आणि आपल्याकडे किती जणांना हे माहितीये?

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १९९९ चं काम, ते अध्यक्ष असलेल्या महाराष्ट्राच्या दुसऱ्या जल व सिंचन आयोगाचा अहवाल. धरण बांधलं, कालवा काढला, झालं असं न करता पाण्याचं नियोजन जिल्ह्याच्या हद्दीनं नको, नदीच्या खोऱ्यानं करा हा त्यातला मुद्दा, आणि तो अगदी बरोबरे, कारण नदीला जिल्हा कुठं कळतो!

मग २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस, मिठी नदीनं मुंबईची काय अवस्था केली ते आपण पाहिलंच. त्याच्या चौकशीची समितीही चितळेंचीच. नुसता पाऊस जास्त पडला म्हणून सोडून न देता नदीपात्रातली अतिक्रमणं, भराव, तुंबलेले नाले, जुनी गटारं, भरती हे सगळं बघायला लागतं, आणि असं बघायला धरणापासून समुद्रापर्यंत पाणी कळणारा माणूसच लागतो. पुढे सिंचन घोटाळ्याच्या चौकशीलाही सरकारनं त्यांनाच बोलावलं, तेव्हा ते रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली होती.