विस्टाची बदनामी: सहा आवृत्त्या आणि एक स्टिकर

ऑक्टोबर 2009 मध्ये विंडोज 7 ही संगणक प्रणाली बाजारात आली तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले आणि त्या कौतुकात एक साधी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली. तिच्या 32 बिट आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान यंत्रसामग्री अशी होती: 1 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, 1 जीबी रॅम, डिस्कवर 16 जीबी जागा आणि डायरेक्टएक्स 9 (पडद्यावर चित्रे उमटवण्याची मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) चालवणारे ग्राफिक्स. जानेवारी 2007 मध्ये आलेल्या विंडोज विस्टाने ‘होम प्रीमियम’ आणि त्यावरच्या आवृत्त्यांसाठी 1 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, 1 जीबी रॅम, 40 जीबीच्या डिस्कवर 15 जीबी मोकळी जागा आणि तेच डायरेक्टएक्स 9 मागितले होते. म्हणजे मागणी जवळपास तीच होती, आतला गाभा बऱ्याच अंशी तोच होता आणि ग्राफिक्स ड्रायव्हरची (प्रणालीला यंत्राच्या त्या भागाशी जोडणाऱ्या प्रोग्रामची) रचनाही विस्टाकडूनच आलेली होती. तरीही एकीला लोकांनी डोक्यावर घेतले आणि दुसरीचे नाव काढले की जुने तंत्रज्ञ आजही हसतात. विस्टात तांत्रिक दोष नव्हते असे मी म्हणणार नाही, पण तिची पत गेली ती मुख्यतः दुकानाच्या काउंटरवर, असे माझे मत आहे.

विंडोज एक्सपी 25 ऑक्टोबर 2001 रोजी आली. तिच्यानंतरच्या प्रणालीचे ‘लाँगहॉर्न’ या नावाने सुरू झालेले काम इतके पसरत गेले की ऑगस्ट 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टने तोवरचा बराच डोलारा बाजूला ठेवून विंडोज सर्व्हर 2003 या प्रणालीच्या पायावर नव्याने बांधणी सुरू केली, आणि ‘विनएफएस’ नावाची बहुचर्चित साठवण व्यवस्था त्यातून वगळली. अखेर 8 नोव्हेंबर 2006 रोजी विस्टा पूर्ण झाली, त्याच महिन्याच्या अखेरीस कंपन्यांना मिळाली आणि 30 जानेवारी 2007 रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी दुकानांत आली. अमेरिकेतला नाताळचा हंगाम, म्हणजे संगणक विक्रीचा सुगीचा काळ, तोवर हातचा गेला होता. ही तारीख लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचे रामायण बरेचसे तिच्यामुळेच घडले.

आता आवृत्त्या पाहू. स्टार्टर, होम बेसिक, होम प्रीमियम, बिझनेस, एंटरप्राइझ आणि अल्टिमेट अशा सहा आवृत्त्या होत्या. युरोपीय आयोगाच्या निर्णयामुळे मीडिया प्लेअर वगळून काढलेल्या ‘एन’ आवृत्त्या त्याखेरीज. स्टार्टर ही फक्त विकसनशील देशांसाठी नव्या संगणकाबरोबर मिळत असे आणि तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्राम उघडता येत. एंटरप्राइझ मोठ्या कंपन्यांच्या करारांतून मिळे. उरलेल्या चार आवृत्त्या दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या असत आणि अमेरिकेत त्यांची पूर्ण किंमत अनुक्रमे 199, 239, 299 आणि 399 डॉलर होती. एक्सपीच्याही मीडिया सेंटर, टॅब्लेट वगैरे आवृत्त्या होत्या, हे मान्य. पण सामान्य गिऱ्हाइकासमोर प्रश्न ‘होम’ की ‘प्रोफेशनल’ एवढाच असे.

संख्येपेक्षा मला खटकते ती वाटणीची पद्धत. या आवृत्त्या एकीवर एक रचलेल्या पायऱ्या नव्हत्या. होम प्रीमियममध्ये चित्रपट, गाणी आणि टीव्ही दाखवणारे मीडिया सेंटर होते, पण तो संगणक कंपनीच्या डोमेनला (सामायिक जाळ्याला) जोडता येत नसे आणि दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने चालवता येत नसे. बिझनेस आवृत्तीत या दोन्ही सोयी होत्या, पण साठ डॉलर जास्त मोजूनही मीडिया सेंटर नव्हते. दोन्ही हवे असतील तर थेट 399 डॉलरची अल्टिमेट. डिस्क कुलूपबंद करणारी बिटलॉकर ही सुविधा एंटरप्राइझ आणि अल्टिमेट या दोनच आवृत्त्यांत होती, म्हणजे ज्याचा लॅपटॉप लोकलमध्ये किंवा एसटीत विसरण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्या सामान्य माणसाला ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी.

याहून बोलके उदाहरण ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’चे आहे. एखाद्या फाइलवर उजवी कळ दाबून तिची कालची किंवा आठवड्यापूर्वीची प्रत परत मिळवण्याची ही सोय बिझनेस, एंटरप्राइझ आणि अल्टिमेटमध्येच दिलेली होती. होम आवृत्त्यांतही ‘सिस्टीम रिस्टोअर’साठी डिस्कच्या तशाच छायाप्रती पार्श्वभूमीवर घेतल्या जात आणि त्यांसाठी जागाही खर्ची पडत असे, फक्त त्यांतली एखादी फाइल बाहेर काढण्याचा दरवाजा वापरणाऱ्याला दिलेला नव्हता. म्हणजे माल घरात होता, भाडेही भरले जात होते आणि किल्ली मात्र दुकानदाराने स्वतःकडे ठेवली होती. अल्टिमेट घेणाऱ्यांना ‘अल्टिमेट एक्स्ट्राज’ या नावाने खास भेटी मिळत राहतील असे आश्वासन होते. प्रत्यक्षात पोकरचा एक खेळ, हलणारी पार्श्वचित्रे, काही ध्वनी आणि भाषांचे संच एवढ्यावर ते बरेचसे संपले.

यंत्रसामग्रीची कथा मात्र सर्वांत रंजक आहे आणि ती न्यायालयाच्या कागदपत्रांमुळे आपल्याला तपशिलात कळते. विस्टा येणार आहे म्हणून लोकांनी संगणकाची खरेदी लांबणीवर टाकू नये, यासाठी 2006 मध्ये एक्सपी असलेल्या नव्या संगणकांवर ‘विंडोज विस्टा केपेबल’ (विस्टा चालवण्यास योग्य) असे स्टिकर लावण्यात आले. त्यासाठी 800 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 512 एमबी रॅम आणि डायरेक्टएक्स 9 चे ग्राफिक्स पुरेसे मानले गेले. त्याहून वरचा दर्जा ‘प्रीमियम रेडी’ असा होता: 1 जीबी रॅम, ग्राफिक्ससाठी 128 एमबी आणि डब्ल्यूडीडीएम या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर. जाहिरातीत जी काचेसारखी पारदर्शक ‘एरो’ खिडकी दाखवली जात होती, ती या दुसऱ्या गटातल्या संगणकांवरच चालणार होती. पहिल्या गटातला संगणक होम बेसिक चालवू शकत होता आणि होम बेसिकमध्ये ती काच मुळात नव्हतीच.

हा सगळा गोंधळ इंटेलच्या 915 या चिपसेटभोवती (मदरबोर्डवरच्या चिपांच्या संचाभोवती) झाला. त्याच्या अंगभूत ग्राफिक्सला नव्या पद्धतीचा ड्रायव्हर मिळणार नव्हता, पण तो चिपसेट त्या काळातल्या असंख्य स्वस्त लॅपटॉपमध्ये होता. तेव्हा ‘केपेबल’ स्टिकरसाठी नव्या ड्रायव्हरची अटच काढून टाकण्यात आली. इंटेलला त्या तिमाहीचा ताळेबंद साधता यावा आणि 915 चे मदरबोर्ड विकता यावेत म्हणून ही अट शिथिल केली, असे मायक्रोसॉफ्टचे अधिकारी जॉन काल्कमन यांनी अंतर्गत ईमेलमध्ये स्वच्छ शब्दांत लिहिले होते. अधिक चांगल्या ग्राफिक्ससाठी आधीच पैसे घातलेल्या एचपीने यावर तीव्र नाराजी कळवली होती. मायक्रोसॉफ्टचेच उपाध्यक्ष माइक नॅश यांनी स्टिकर पाहून सोनीचा लॅपटॉप घेतला, त्यावर एरो तर चालेनाच, पण विंडोजबरोबर येणारा मूव्ही मेकरही चालेना. आपल्याकडे आता 2,100 डॉलरचे ईमेल यंत्र आहे, असे त्यांनी सहकाऱ्यांना कळवले.

2007 मध्ये ग्राहकांनी वॉशिंग्टन राज्यातल्या संघीय न्यायालयात दावा लावला. फेब्रुवारी 2008 मध्ये न्यायाधीश मार्शा पेकमन यांनी त्याला सामूहिक दाव्याचा दर्जा दिला आणि वर्षभराने काढूनही घेतला, कारण या मोहिमेमुळे संगणकांच्या किमती फुगल्या हे सर्व ग्राहकांच्या बाबतीत सिद्ध करता आले नाही. कायद्याच्या दृष्टीने मायक्रोसॉफ्ट त्यातून सुटली. पण दरम्यान ते ईमेल सर्व वर्तमानपत्रांतून छापून आले होते.

आपल्याकडे स्टिकरपेक्षा असेंबल्ड संगणकाचे राज्य होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकात त्या वेळी 512 एमबी रॅम हे चांगले मानले जाई आणि ग्राफिक्स कार्ड हा खेळ खेळणाऱ्यांचा चोचला समजला जाई. मदरबोर्डवरचे ऑनबोर्ड ग्राफिक्स आपली स्मृती मुख्य रॅममधूनच उचलते. 64 एमबी त्याने घेतले की प्रणालीसाठी 448 उरत, आणि तेवढ्यात विस्टा, अँटिव्हायरस आणि ब्राउझर एकत्र नांदवायचे म्हणजे हार्ड डिस्कचा लाल दिवा विझण्याची वाट पाहत बसायचे. त्यात ‘सुपरफेच’ ही यंत्रणा नेहमीचे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवण्यासाठी डिस्कवर सतत काम करत असे. 2 जीबी रॅमवर तिचा फायदा जाणवे, कमी रॅमवर खडखडाटच ऐकू येई. माझ्या मते विस्टाचा खरा किमान आकडा 2 जीबी होता आणि तो खोक्यावर प्रामाणिकपणे छापला असता तर निम्म्या शिव्या वाचल्या असत्या.

ड्रायव्हरचा प्रश्न वेगळा होता. डब्ल्यूडीडीएममध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरचा मोठा भाग प्रणालीच्या गाभ्याबाहेर आणला गेला, त्यामुळे तो कोसळला तरी पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा सुरू होई आणि संगणक बंद पडण्याची वेळ टळे. कल्पना उत्तम होती, पण त्यासाठी प्रत्येक उत्पादकाला ड्रायव्हर नव्याने लिहावा लागला आणि तो वेळेत तयार नव्हता. मायक्रोसॉफ्टच्याच 2007 च्या नोंदींनुसार विस्टा कोसळण्याच्या घटनांपैकी सुमारे 29 टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे होत्या. विस्टा कधी बाहेर पडेल यावर कोणाचाच विश्वास नव्हता, म्हणून कोणी वेळेत काम सुरू केले नाही, असे मायक्रोसॉफ्टचे वरिष्ठ अधिकारी स्टीव्हन सिनोफ्स्की यांनी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांना लिहिले. विक्री सुरू झाली त्या दिवशी खुद्द सिनोफ्स्की यांच्या घरच्या प्रिंटरसाठीही ड्रायव्हर नव्हता. पाच वर्षे ‘येणार, येणार’ म्हणत राहिल्याची ही किंमत होती.

मग परवानगी विचारणारी ती खिडकी. यूएसी, म्हणजे प्रशासकीय अधिकार लागणाऱ्या प्रत्येक कामाआधी पडदा मंद करून ‘पुढे जाऊ का’ असे विचारणे. सर्वांसाठी असलेला डेस्कटॉपवरचा एक शॉर्टकट पुसायचा, तरी आधी एक सूचना आणि मग ही खिडकी. अ‍ॅपलने आपल्या जाहिरातीत काळा चष्मा घातलेला सुरक्षारक्षक उभा करून तिची यथेच्छ टर उडवली. एप्रिल 2008 मध्ये एका सुरक्षा परिषदेत मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी सांगितले की लोकांना त्रास व्हावा हाच यामागचा उद्देश होता, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारे विनाकारण प्रशासकीय अधिकार मागणे सोडतील. ती चाल यशस्वी झाली, हे मान्य करावे लागते; फक्त त्रास ज्याला झाला त्याचा यात काही दोष नव्हता.

एका बाबतीत मात्र मराठी माणसाने विस्टाचे आभार मानावेत असे मला मनापासून वाटते. एक्सपीवर युनिकोड देवनागरी नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमधल्या प्रादेशिक भाषांच्या पानावर जाऊन जटिल लिप्यांच्या फाइलींसमोर खूण करावी लागे, मग एक्सपीची मूळ सीडी घालून ‘आय 386’ फोल्डर दाखवावे लागे आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागे. ते केले नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाई आणि जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे दिसत. सीडी कोणाकडे असे? सायबर कॅफेत तर नसेच. विस्टात ही सारी व्यवस्था पहिल्यापासून चालू होती, स्टार्टर आणि होम बेसिकमध्येसुद्धा. मेनू मराठीत करणारा भाषासंचही विनामूल्य उतरवून घेता येत असे. मराठी अनुदिन्यांनी (ब्लॉगनी) बाळसे धरले त्या वर्षांत हा फरक लहान नव्हता, पण विस्टाच्या एकाही परीक्षणात मला त्याचा उल्लेख आढळला नाही.

लोकमताची बाजू मायक्रोसॉफ्टने आपल्या परीने सावरून पाहिली. 2008 च्या आरंभी किमती कमी झाल्या, अल्टिमेट 319 डॉलरवर आली. पहिल्या सर्व्हिस पॅकने, म्हणजे सुधारणांच्या संचाने, फाइल कॉपी करताना लागणारा हास्यास्पद वेळ कमी केला. त्याच वर्षी ‘मोहावी’ प्रयोग झाला: विस्टाबद्दल प्रतिकूल मत असलेल्यांना नवी प्रणाली म्हणून विस्टाच दाखवली आणि त्यांनी तिची स्तुती केली. जाहिरात म्हणून हे हुशारीचे होते, पण त्यात यंत्र मायक्रोसॉफ्टने निवडलेले होते आणि प्रिंटर जोडायची वेळ कोणावर आली नव्हती. दुसरीकडे एक्सपीची विक्री 30 जून 2008 नंतरही चालू ठेवावी म्हणून इन्फोवर्ल्ड नियतकालिकाने काढलेल्या मागणीपत्रावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या, आणि बिझनेस किंवा अल्टिमेटचा परवाना घेऊन त्यावर एक्सपी चढवण्याचा अधिकृत मार्ग कंपन्यांनी मनसोक्त वापरला. नेटबुक नावाच्या छोट्या लॅपटॉपवर विस्टा पेलवणार नाही हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केले आणि तिथे एक्सपीला मुदतवाढ दिली.

विंडोज 7 च्या वेळी ड्रायव्हर तयार होते, 2 जीबी रॅम सर्रास झाली होती आणि यूएसीची खिडकी कमी वेळा डोकावत होती. आवृत्त्याही आता एकीवर एक रचलेल्या होत्या: प्रोफेशनलमध्ये होम प्रीमियममधले सर्व काही, मीडिया सेंटरसह, मिळत होते, आणि ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ही सर्वांसाठी खुले झाले होते. होम बेसिक ही आवृत्ती अमेरिका आणि पश्चिम युरोपच्या दुकानांतून काढून टाकण्यात आली. ती भारतासारख्या बाजारांसाठी मात्र राखून ठेवली गेली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे पुण्या-मुंबईत विकल्या जाणाऱ्या मध्यम किमतीच्या लॅपटॉपवर, ग्राफिक्स चिप पुरेशी असूनही, ती काच आलीच नाही.