एचएचओ किट: आधी अँपिअर मोजा, मग ॲव्हरेज

एचएचओ किट म्हणजे गाडीच्याच विजेने पाणी फोडून निघालेला हायड्रोजन-ऑक्सिजन वायू इंजिनात सोडणारं उपकरण; त्याने ॲव्हरेज वाढतं, असा विकणाऱ्यांचा दावा. त्याच्या जाहिरातीत ॲव्हरेजचा आकडा ठळक असतो, अँपिअरचा कुठेच नसतो. गणित मात्र अँपिअरपासूनच सुरू होतं. एका सेलमधून (द्रावणात समोरासमोर असलेल्या दोन प्लेटची जोडी) १ अँपिअर करंट गेला की २५ अंश तापमानाला मिनिटाला सुमारे ११.४ मिली वायू निघतो, दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन. हा फॅरेडेचा नियम. प्लेटला कितीही भोकं पाडा, पल्स द्या, पाण्यात काहीही मिसळा, त्याच्या वर रतीभरही मिळत नाही.

समजा, ११० सीसीच्या दुचाकीवर दिवे वगैरे चालवून ५ अँपिअर उरतात आणि सहा सेल सिरीजमध्ये आहेत, म्हणजे तोच करंट सहाही सेलमधून जातो. ५ × ६ × ११.४, म्हणजे मिनिटाला ३४२ मिली वायू. त्यात हायड्रोजन २२८ मिली. हेच इंजिन ४,५०० आरपीएमला, अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर, मिनिटाला १०० लिटरच्या आसपास हवा ओढतं. हायड्रोजनचं प्रमाण पाव टक्क्याच्या आतच राहतं.

आता ऊर्जेचा हिशेब. एवढा हायड्रोजन जळून सुमारे ३८ वॅट उष्णता देतो आणि इंजिन त्यातले फार तर दहा वॅट क्रँकवर आणतं. सेलला मात्र १३.८ × ५ = ६९ वॅट वीज लागते. चार्जिंग सिस्टिमची कार्यक्षमता निम्मी धरली तर ती वीज करायला क्रँकवरून १३८ वॅट जातात. दहा घ्यायला १३८ द्यायचे, असा हा सौदा आहे.

‘पण हायड्रोजनने पेट्रोल चांगलं जळतं, नासानेच सिद्ध केलंय’ हे किटवाल्यांचं उत्तर ठरलेलं. १९७७ चा नासाचा तो अहवाल खरा आहे. मात्र त्यातला हायड्रोजन सिलिंडरमधून आणि मिथेनॉल रिफॉर्मरमधून (मिथेनॉलपासून हायड्रोजन काढणारं यंत्र) आलेला होता, इंजिनाच्याच विजेवर पाणी फोडून नव्हे. हायड्रोजनमुळे इंजिन जास्त लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) मिश्रणावर नीट चाललं, पण किमान ऊर्जाखप बदलला नाही, असंही त्यातच लिहिलं आहे. हे वाक्य सहसा कुणी पुढे पाठवत नाही.

तरीही प्रयोग करायचा असेल तर नीट करा. ड्राय सेलला (द्रावण फक्त प्लेटच्या मध्ये, गॅस्केटच्या आत) सात प्लेट लागतात: दोन टोकांना प्लस आणि मायनस, मध्ये तार न जोडलेल्या पाच न्यूट्रल, म्हणजे सहा सेल. स्टील ३१६ एल घ्या. ३०४ लवकर झिजतं, पाणी तपकिरी होतं, आणि त्या गाळात विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असू शकतं, तो मोरीत ओतू नका. ५ अँपिअरला प्रत्येक प्लेटचं ओलं क्षेत्रफळ ८ × ८ सेंमी पुरतं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवं-उभं घासा, धुवा, मग बोट लावू नका. तेलकट डागावर बुडबुडे चिकटून राहतात. गॅस्केट ईपीडीएम रबराचं, २ ते ३ मिमी.

डिस्टिल्ड वॉटर ८०० ग्रॅम, पोटॅशियम हायड्रॉक्साइड (हाच क्षार) २०० ग्रॅम. क्षार पाण्यात थोडा थोडा टाका, क्षारावर पाणी कधीच नाही. द्रावण भराभर तापतं, त्यामुळे चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. मीठ घातलं तर क्लोरीन निघतो. खायच्या सोड्याने कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सेल लवकर मंदावतो.

वायूचा मार्ग असा: सेल, त्याच्या वरची द्रावणाची टाकी, बबलर (वायू पाण्यातून नेणारी बाटली), फ्लॅशबॅक अरेस्टर (उलटी येणारी ज्योत अडवणारा), मग एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्या मधली नळी. कार्ब्युरेटरच्या पुढे मॅनिफोल्डला जोडलं तर थ्रॉटल बंद होताच व्हॅक्यूम बबलरचं पाणी ओढून घेतो. त्या पाण्यात उतरलेला क्षार ॲल्युमिनियम खातो, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचाच असतो. बबलरमध्ये किमान १० सेंमी पाणी ठेवा, वर मोकळी जागा कमीत कमी, झाकण दाबाने उडेल असं. हा वायू कुठेही साठवायचा नाही, दाबायचा तर नाहीच: ऑक्सिजन आतच मिसळलेला असतो आणि पेटायला ०.०२ मिलिज्यूलची ठिणगी पुरते.

रिले (सेलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) नुसत्या चावीवर घेऊ नका. इंजिन बंद पडून चावी चालू राहिली तर वायू फिल्टरच्या डब्यात साचतो आणि पुढच्या किकला बॅकफायर झाला की डबा फुटतो. इंजिन फिरत असेल तरच करंट मिळेल अशी जोडणी हवी, आणि बॅटरीजवळ फ्यूज.

सगळ्यात जास्त फसवणारा बिघाड म्हणजे तापलेला सेल. द्रावण तापलं की रेझिस्टन्स उतरतो, करंट चढतो, त्याने ते आणखी तापतं. ५ अँपिअर हवे असतील तर थंड असताना तीन-साडेतीनवर सुरू करा, किंवा करंट बांधून ठेवणारा पीडब्ल्यूएम (करंट भराभर चालू-बंद करणारं सर्किट) लावा. गरम सेलमधून वाफही येते आणि फ्लोमीटर तिलाही वायू समजतो. तपासणी सोपी आहे: ३४२ मिलीच्या वेगाला तासाला फक्त १० मिली पाणी खर्च व्हायला हवं. ५० मिली घटलं तर बाकीची वाफ किंवा गळती. तसंच कुणी प्रत्येक वॅटला मिनिटाला ७.७ मिलीहून जास्त वायू दाखवत असेल, तर वाफ मोजली गेली आहे, किंवा साध्या मल्टिमीटरने पल्सचा करंट चुकीचा वाचला आहे.

ॲव्हरेज टाकी-टू-टाकी मोजू नका. त्यात चालवण्याची पद्धत, वारा आणि पंपावरची भरणी सगळं मिसळतं. शिवाय किट बसवतानाच फिल्टर, प्लग बदलला जातो, कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून मिश्रण लीन केलं जातं, आणि श्रेय मिळतं वायूला. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरला फसवणारी डबी लावतात, तीही मिश्रण लीनच करते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असला तरी एनओएक्स (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड) वाढतो.

त्यापेक्षा छोटा जनरेटर घ्या. त्यावर न बदलणारा लोड लावा, जुने पिवळे बल्ब उत्तम. इंजिन पुरतं गरम झाल्यावर मापाच्या नळीतून २०० मिली पेट्रोल किती सेकंदांत संपतं ते चार प्रकारे मोजा: (१) सेल बंद; (२) सेल जनरेटरच्याच विजेवर आणि वायू इंजिनात; (३) सेल जनरेटरच्याच विजेवर, पण वायू नळीने बाहेर मोकळ्यावर; आणि (४) सेल वेगळ्या बॅटरीवर, वायू इंजिनात. शेवटी पुन्हा सेल बंद करून पहिलं मोजमाप. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातला फरक ही तुमच्या मोजमापाची चूक. दुसऱ्या आणि तिसऱ्यात त्याहून जास्त फरक निघाला, तरच वायूने काही केलं म्हणता येईल. चौथा आकडा पहिल्यापेक्षा सरस आला तरी, बॅटरी पुन्हा चार्ज करायला लागलेली वीज त्यात धरायची आहे.