युरोपात शेवटचा शब्द कुणाचा?

दरवर्षी साताऱ्याला गेलो की चहा यायच्या आत मामांचा प्रश्न येतो. "रशिया दारात उभा, अमेरिका रोज दम देते. तुमच्या युरोपात शेवटचा शब्द नेमका कुणाचा?" ब्रसेल्सला राहतो म्हटलं की लग्नात, ट्रेनमध्ये, सगळीकडे हेच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

मामांना मी उलट विचारलं, "आपल्या सातबाऱ्यावर नावं किती?"

अकरा. ठाण्याच्या काकांची सही होत नाही म्हणून विहिरीजवळचा तुकडा नऊ वर्षं तसाच पडून आहे.

युरोपीय संघाच्या सातबाऱ्यावर २७ नावं आहेत, आणि परराष्ट्र धोरणाच्या बहुतेक निर्णयांना सगळ्यांची सही लागते. जर्मनीची वस्ती आठ कोटींच्या वर, माल्टाची सहा लाखसुद्धा नाही, पण सहीचं वजन सारखंच. रशियावरचे मुख्य आर्थिक निर्बंध वर्षानुवर्षं दर सहा महिन्यांनी नव्याने मंजूर होत आले, म्हणजे अडवणाऱ्याला वर्षातून दोनदा मुहूर्त.

मग काम होतं कसं? १४ डिसेंबर २०२३ चं ऐका. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची की नाही, यावर हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान अडून बसले होते. जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर ओलाफ शोल्झ यांनी सुचवलं, जरा बाहेर कॉफी घेऊन या. ते गेले, खोलीत 'नाही' म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि उरलेल्या २६ जणांनी ठराव करून टाकला. परत येऊन त्याच रात्री ऑर्बाननी युक्रेनच्या मदतीचे ५० अब्ज युरो अडवले, ते वेगळं!

ते पैसे सुटले १ फेब्रुवारी २०२४ ला. त्या दिवशी शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर थेट युरोपीय संसदेसमोर आणून लावले होते. चौकात शेकोट्या पेटलेल्या, हवेत धूर, आणि थोड्याच अंतरावर २७ नेते बंद दाराआड. मी वळसा घालून ऑफिसला पोचलो. अशा बैठका असल्या की संघाच्या कार्यालयांजवळचा शुमान चौक बंद आणि डोक्यावर हेलिकॉप्टरची घरघर, हे आम्हाला आता पाऊस-पाण्यासारखं झालंय.

या बैठकांच्या अध्यक्षपदी डिसेंबर २०२४ पासून अंतोनियो कोस्ता आहेत. वडिलांचं घराणं मडगावचं, घरचं लाडाचं नाव 'बाबुश'. मामांना हे फार आवडलं. पण बाबुशला तिथे मत नाही! संघाचा रोजचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्झुला फॉन डेर लायन यांनाही नाही. फोन करायचे, मन वळवायचं, जेवण लांबवायचं, एवढंच हातात. खरं सांगायचं तर मला या दिरंगाईची चीड येते. पण एकाच माणसाचा शब्द चालणारा युरोप कसा होता, हे इथल्या प्रत्येक गावातल्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा रात्र जागली. ब्रसेल्समध्ये गोठवलेला रशियाचा पैसा वापरायला बेल्जियमच कचरत होतं. शेवटी युक्रेनला ९० अब्ज युरोंचं कर्ज सामाईक उधारीतून द्यायचं ठरलं, आणि हंगेरी, स्लोव्हाकिया, चेकिया यांच्यावर बोजा टाकायचा नाही, असंही.

मामा कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे ठाणेकरांचा हिस्सा बाजूला काढून बाकीच्यांनी व्यवहार करायचा?"

आणि उठून कपाटातली कागदपत्रांची पिशवी काढायला गेले.