पिंजोरच्या पाटीखाली मामा

चंडीगडला गेलो ते मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला. लग्न तीन दिवस चाललं, जेवण उत्तम होतं. त्याबद्दल एवढंच, कारण मला लिहायचंय ते चौथ्या दिवसाबद्दल.

चौथ्या दिवशी सगळे शिमल्याला निघाले आणि मामा म्हणाले, "मी साकेतीला जातो, जीवाश्म बघायला." मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे. नागपूरला एका कॉलेजात एकतीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. त्यांना एकट्याला कोणी सोडेना आणि सोबत यायलाही कोणी तयार नव्हतं, म्हणून मी गेले. जाताना थोडी कुरकुर केली होती, हेही सांगते.

टॅक्सीवाल्याने निघायच्या आधीच सांगून टाकलं की तिकडे पुतळ्यांशिवाय काही नाही, त्यापेक्षा मोरनीला चला. नारायणगड गेलं, काला अंब आलं. कारखाने, ट्रक, धूळ. खिडकी उघडी ठेवली तर घसा धरतो आणि लावली तर जीव गुदमरतो. मग रस्ता वळून मारकंडा नदीच्या खोऱ्यात शिरला आणि सगळं एकदम निवलं. हिमालयाच्या पायथ्याच्या, शिवालिकच्या त्या टेकड्या पाहून मला आधी वाटलं, हे काय डोंगर! आपण सह्याद्रीतली माणसं, काळा कातळ बघत वाढलेली. इथे भुसभुशीत वाळूचा दगड आणि मातकट चिखलाचे थर, हाताने खरवडले तर सुटतील असे. "अगं, आपल्या कातळात हाडं कुठून सापडणार? तो लाव्हा," मामा म्हणाले. "हा नदीचा गाळ आहे. हिमालय झिजत होता आणि नद्या तो गाळ इथे आणून टाकत होत्या, लाखो वर्षं."

साकेतीचं जीवाश्म उद्यान 1974 सालचं. फायबरग्लासचे मोठाले प्राणी उभे केलेत: लांबच लांब सुळ्यांचा स्टेगोडॉन हत्ती, जिराफाच्या कुळातला चार शिंगांचा शिवाथेरियम, राक्षसी कासव. एका शाळेची सहल आली होती आणि मुलं कासवावर चढायला टपलेली. मुलांचं ठीक आहे. पण आमच्यासमोर दोन कुटुंबं हत्तीबरोबर फोटो काढून तिथूनच परत फिरली, ते मला फार लागलं. शिवाथेरियमचं नाव शिवावरून आणि शिवालिकवरून, 1836 साली फाल्कनर आणि कॉटली यांनी ठेवलेलं. एक सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख, दुसरा कालवे खणणारा इंजिनियर. या टेकड्यांमधून त्यांनी हाडं गोळा केली आणि सगळ्या जगाला या जागेची दखल घ्यावी लागली. एवढ्या लांब येऊन पाच मिनिटांत कसं निघता येतं?

संग्रहालय पाहून झाल्यावर मामा एका झाडाखालच्या कट्ट्यावर बसले आणि पिशवीतून मामीचा जुना पानाचा डबा काढला. मामी जाऊन सहा वर्षं झाली. डब्यात कापसात गुंडाळलेल्या दोन दाढा होत्या. खऱ्या नव्हेत, प्लास्टरच्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी स्वतः साच्यातून काढलेल्या. दोन्ही घोड्याच्या वरच्या दाढा, काडेपेटीएवढ्या उंच. चावण्याची बाजू चौकोनी, आणि तिच्यावर इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या कठीण आवरणाच्या, रेषा नागमोडी फिरलेल्या. त्या रेषा मामांनी कधीकाळी निळ्या शाईने गिरवल्या होत्या. शाई फिकट झाली होती, पण वळणं स्पष्ट होती.

"सांग, फरक काय?"

मला काही दिसेना. मामांनी घाई केली नाही. मग करंगळीच्या नखाने दाढेच्या जिभेकडच्या बाजूला एक लंबगोल ठिपका दाखवला. पहिल्या दाढेत तो चहूबाजूंनी सुटा होता. दुसरीत त्याच जागी तसाच आकार, पण एका अरुंद मानेने बाकीच्या रेषांना जोडलेला.

"इथे बेट आहे," मामा म्हणाले, "आणि इथे ते किनाऱ्याला जोडलं गेलंय. बेटवाला हिपॅरियन, तीन बोटांचा घोडा. जोडलेला तो इक्वस, आपला एका खुराचा. खडकात ही दुसरी दाढ मिळाली की समजायचं, पिंजोर नावाचा थर सुरू झाला."

त्या एवढ्याशा मानेवर काळाची रेघ ओढता येते, हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी दोन्ही दाढा हातात घेऊन कितीतरी वेळ बसले.

मामांनी मग नीट समजावलं. समुद्राच्या तळाशी साचलेल्या खडकांत शंखशिंपले मिळतात, त्यांवरून थरांचा क्रम लावता येतो. नदीच्या गाळात तो आधार नाही. जनावर मरतं, पुरात वाहतं, हाडं फुटतात, पण इनॅमल टिकतं. शिवाय सस्तन प्राणी भराभर बदलतात, आणि कोण काय खात होतं ते दाढेवर उमटतं. त्यातही सगळ्यांत कामाचे ते पाहुणे, दुसऱ्या खंडातून चालत आलेले. हिपॅरियन मूळचा उत्तर अमेरिकेचा. आज जिथे बेरिंगची सामुद्रधुनी आहे तिथली जमीन ओलांडून आशियात आला आणि एक कोटी वर्षांच्या थोडं आधी शिवालिकात पोचला. नागरी नावाच्या थरांत त्याची दाढ मिळते, त्याखालच्या चिंजी थरांत मिळत नाही. इक्वसही त्याच वाटेने आला, पण फार उशिरा, सुमारे 26 लाख वर्षांपूर्वी. त्याच सुमाराला फाटेदार शिंगांची हरणंही दिसू लागतात.

मी विचारलं, "पण मामा, घोडा एका ठिकाणी आधी पोचला आणि दुसऱ्या ठिकाणी पन्नास हजार वर्षांनी, तर?"

मामांचा चेहरा असा खुलला की लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. "हाच प्रश्न! म्हणून नुसत्या दाढेवर भागत नाही." गाळातल्या लोहकणांत त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा गोठून राहते. सुमारे 26 लाख वर्षांपूर्वी ते चुंबकत्व उलटलं, आणि ते साऱ्या पृथ्वीवर उलटलं. हा पलटा तात्रोटचा थर आणि त्यावरचा पिंजोर यांच्या सीमेपाशीच सापडतो. म्हणजे घोड्याने सांगितलेली वेळ दगडाने ताडून दिली.

परत येताना गाडीत त्यांनी थरांच्या नावांची यादी खालून वर म्हणून दाखवली, परवचा म्हणतात तशी. कमलियाल, चिंजी, नागरी, धोक पठाण, तात्रोट, पिंजोर, आणि सगळ्यांत वर गोट्यांचा थर. ही गावांची नावं. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातल्या गाय पिलग्रिम यांनी 1913 साली शिवालिकच्या थरांची युरोपातल्या सस्तन प्राण्यांच्या थरांशी जुळणी केली, आणि ही गावं जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी गेली.

"यातली तुम्ही किती पाहिलीत?" मी सहज विचारलं.

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "पहिली पाच पाकिस्तानात आहेत गं. पोटवारच्या पठारावर."

एकतीस वर्षं. दरवर्षी फळ्यावर ती नावं खालून वर लिहायची, सर्वांत जुना थर तळाशी. मुलांकडून पाठ करून घ्यायची. आणि चिंजी कसं दिसतं, तिथल्या लाल मातीवर उन्हं कशी पडतात, ते कधी बघायला मिळालं नाही. मी काही बोलू शकले नाही. थोड्या वेळाने मामांनीच माझी समजूत काढली, की त्या वयाचे थर आपल्याकडेही आहेत. चिंजीच्या वयाचे जम्मूत रामनगरला, त्यानंतरचे हिमाचलात हरितल्यांगरला. हरितल्यांगरला ते पोरांना घेऊन एकदा गेलेही होते, रेल्वेच्या जनरल डब्यातून. "थर तेच आहेत. नाव तेवढं तिकडे राहिलं."

टॅक्सीवाल्याला मी पिंजोरला घ्यायला सांगितलं. ते आमच्या वाटेवर नव्हतं, त्याने जादा पैसे मागितले आणि मी एका शब्दाने घासाघीस न करता दिले. पिंजोरला लोक मोगल बाग बघायला जातात. बागेच्या दाराशी गर्दी होती, कुल्फीच्या गाड्या होत्या, आणि मामांना आत जायचंच नव्हतं. रस्त्याच्या कडेला गावाच्या नावाची पाटी होती, तिथे त्यांनी गाडी थांबवायला लावली.

मामा फोटो काढून घेत नाहीत. लग्नातही मागच्या रांगेत उभे होते. इथे ते उतरले, शर्टाची कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला, पाटीखाली उभे राहिले. मी मोबाइल धरला तेव्हा ते मान वर करून पाटी वाचत होते.

"पिंजौर," ते म्हणाले. "औ आहे. आपण आयुष्यभर पिंजोर लिहिलं."

मग माझ्याकडे वळले. "पूर्ण नाव येऊ दे बरं का फोटोत. मी अर्धा आलो तरी चालेल."