किंडाच्या सावलीत
आज मॉन्टेगो बेचा किनारा सोडून जमैकाच्या आतल्या भागात, कॉकपिट कंट्रीच्या चुनखडीच्या टेकड्यांत गेलो. वर अकॉम्पाँग, मळ्यांतून निसटलेल्या गुलामांच्या वंशजांचं, मरूनांचं गाव. कुजोच्या नेतृत्वाखाली त्यांनी इंग्रजांना इतकं जेरीस आणलं की १७३९ मध्ये तह करावा लागला. गनिमी कावाच तो, सह्याद्रीत वाढलेल्याला लगेच ओळखू येतो. पण पुढे पळून येणाऱ्या गुलामांना परत करायचं, अशीही अट त्या तहात होती. ते ऐकून जीव तुटला.

किंडा नावाच्या जुन्या आंब्याखाली बराच वेळ बसलो. दर ६ जानेवारीला सगळे इथंच जमतात. वाटाड्या आजोबांनी आबेंग, म्हणजे गाईचं शिंग, फुंकलं. समोरच्या टेकडीवरून आवाज परत आला. अंगावरचा काटा अजून गेला नाही.