कुकर

"सर, तुमचा कॉल आला की आई आधी कुकरखालचा गॅस बंद करते."

आज कँटीनमध्ये टीममधला एक मुलगा सहज बोलून गेला. हसत हसत. मीही हसलो. चहा मात्र तसाच गार झाला.

हायब्रिडमुळे तो दोन दिवस हिंजवडीत ऑफिसला असतो, तीन दिवस साताऱ्याला घरी. माझ्या लेखी तो कॉल पंधरा मिनिटांचा. तिकडे तेवढा वेळ शिट्टी नाही, टीव्ही मुका, बाबा गॅलरीत.

२०२० आधी सगळे एका रांगेत बसायचे. कोण वैतागलंय हे खुर्ची मागे ढकलल्याच्या आवाजावरून कळायचं. आता मी टीम्स या ऑफिसच्या चॅट ॲपवर नावाजवळचा हिरवा ठिपका बघत बसतो. पाच मिनिटं कीबोर्ड-माउसला हात लागला नाही की तो पिवळा होतो. आणि खरं सांगतो, पिवळा दिसला की माझा हात फोनकडे जातो. (एवढ्या वर्षांच्या अनुभवाचा हा उपयोग!)

घरी येऊन कॉलची यादी पाहिली. या महिन्यात त्याला नऊ फोन. नऊच्या नऊ काहीतरी अडलं म्हणून. "काय रे, कसं चाललंय" म्हणून एकही नाही. ते पूर्वी टपरीवर कटिंग पिताना होऊन जायचं, त्यासाठी कुणाचं कॅलेंडर बघावं लागत नव्हतं.

उद्या तो साताऱ्यात. नुसतं "जेवलास का" विचारायला फोन करीन म्हणतोय.

पण किती वाजता करू? कुकर कधी लागतो, तेच विचारायचं राहिलं.