तुम्ही विचारलंत म्हणून: पिकअपवरच्या तंबूत पाणी येत नाही का?

पिकअपच्या हौद्यावर घरी बनवलेला तंबू आहे म्हटल्यावर लोक पहिला प्रश्न हाच विचारतात. मार्केट यार्डात हमाल विचारतात, पंपावरचं पोरगं विचारतं, भावकीत कुठलंही कार्य असूदे तिथं कोणतरी विचारतंयच, "एवढा पाऊस आपल्याकडं, आत पाणी येत नाही का ओ?" दरवेळी उभ्या उभ्या अर्धंच उत्तर देऊन होतंय, म्हणून आज सगळं नीट लिहितो.

पावसाचं पाणी येत नाही. ते थांबवायला चांगलं झाकण आणि चांगली शिलाई पुरते. पण घरी तंबू बनवणारे बहुतेकजण ज्या पाण्यानं वैतागतात ते वरून आलेलंच नसतं, आत झोपलेल्या माणसांनीच ते सोडलेलं असतं. श्वासातून आणि अंगातून एक मोठा माणूस तासाला साधारण 25-30 ग्रॅम वाफ सोडतो. नवरा-बायको दोघं झोपली तर पहाटेपर्यंत जवळपास अर्धा लिटर पाणी. आता माझा तंबू बघा, तळ सात बाय चार फूट, डोक्याकडं उंची चार फूट, पायाकडं जेमतेम अर्धा फूट, म्हणजे आत हवा दोन घनमीटरपण भरत नाही. 20 अंशाला एक घनमीटर हवेत वाफ मावते जास्तीत जास्त 17 ग्रॅम. म्हणजे सगळ्या तंबूत मिळून तीसएक ग्रॅम, आणि पावसाळ्यात बाहेरची हवा आधीच भरलेली असतेय. तंबू गच्च बंद केला तर तासाभरात आतली हवा भरते आणि त्यापुढची सगळी वाफ जिथं थंड जागा मिळेल तिथं थेंब होऊन बसते. पावसात खिडक्या बंद करून भरलेली एसटी निघाली की काचा आतून कशा पाणी धरतात, तसंच. सकाळी छताला थेंब दिसले की माणूस म्हणतोय गळतंय, मग सिलिकॉनच्या ट्यूब आणून एकेक फट बुजवतोय, आणि दुसऱ्या रात्री आणखी ओलं होतंय कारण हवा जायची उरलीसुरली वाटपण बुजली.

म्हणून मी मापं घ्यायला बसलो ते खिडक्यांपासून. पायाकडं खाली दोन्ही बाजूला बुटक्या जाळ्या आणि डोक्याकडं झाकणाच्या अगदी खाली एक रुंद खिडकी. गरम ओली हवा वर चढते आणि तिथून बाहेर जाते, खालून कोरडी आत येते. कोरडी म्हणजे आपल्या मानानं, जुलैत कोरडं काही नसतंय. या सगळ्या खिडक्यांवर कॅनव्हासचा छज्जा पाहिजेच, पुढं काठी लावून ताणलेला, कारण पाऊस आला म्हणून खिडकी बंद करावी लागली तर सगळं मुसळ केरात. मुसळधार पावसातपण हे झरोके रात्रभर उघडे राहिले पाहिजेत, माझा सगळा तंबू या एका अटीवर बांधलाय.

आता छत. वरचं झाकण साइनबोर्डवाले वापरतात त्या 3 एमएमच्या एसीपी शीटचं (दोन पातळ अल्युमिनियम पत्रे, मध्ये प्लास्टिक) आहे, खाली अल्युमिनियमची चौकट. पायाकडच्या बाजूला बिजागरी, डोक्याकडनं वर उघडतं, त्याला कारच्या डिकीला असतात तसले दोन डिकी शॉकर. यानं छताला आपोआप उतार मिळतो. उतार कशाला पाहिजे ते आकड्यात बघा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पावसाला गगनबावडा सगळ्यांच्या पुढं, जुलैत तिथं दिवसात 100 मिलिमीटर पडणं काही नवल नाही. सात बाय चारच्या छतावर 100 मिलिमीटर म्हणजे अडीचशे लिटरच्या वर पाणी. एवढं पाणी साठलं तर कुठलंच कापड टिकत नाही, वाहून गेलं तर साधं कापडपण टिकतं. ते सगळं वाहून बिजागरीकडं येतं, म्हणून झाकणाची कड तळाच्या खाली दोन इंच उतरलेली आहे, बिजागरी त्या कडेच्या आत लपलीय आणि मध्ये कारच्या दरवाज्याचं रबर बीडिंग.

बाजूचं कापड सुती कॅनव्हासच घ्या, साधारण 400 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 400 ग्रॅम. निळी ताडपत्री स्वस्त पडते हे मान्य, पण ती श्वास घेत नाही आणि वाऱ्यात रात्रभर फडफडते. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली बारीक भोकं बंद होतात, म्हणून नवीन कॅनव्हास वापरायच्या आधी एकदोनदा चिंब भिजवून पूर्ण वाळवायचं. शिलाई साध्या टेलरकडं देऊ नका. गाड्यांची हुडं आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या मामांकडं गेलो मी, त्यांनी कापड पाहिल्या पाहिल्याच सांगितलं की शिवण दुमडून दुहेरी घेणार आणि दुमड खालच्या अंगाला ठेवणार म्हणजे पाणी तिच्यात अडकणार नाही. वरून शिवणीवर मेण घासलं. आणि कापडाचं खालचं टोक तळाच्या प्लायवर आतून ठोकायचं नाही बरं का, कापड तळाच्या कडेबाहेरून खाली उतरवून मग खालच्या बाजूला अल्युमिनियमची पट्टी लावून रिव्हेट मारायचे. आतून ठोकलं तर कापडावरून ओघळलेलं सगळं पाणी थेट गादीखाली.

गादीखालची ओल हा वेगळाच विषय आहे आणि लोक तिकडं बघतच नाहीत. अंगाची वाफ गादीतून खाली जाते, खाली गार प्लाय असतो, तिथं पाणी सुटतं आणि आठवड्यात बुरशी धरते. प्लाय मी आयएस 710 चा, म्हणजे मरीन, 12 एमएम घेतला (आठ बाय चारच्या एका शीटमध्ये तळ बसतो, मापं ठरवताना तेपण डोक्यात होतं), पण नुसता चांगला प्लाय घेऊन भागत नाही. गादीखाली हवा खेळली पाहिजे. मी जाड काथ्याची चटई टाकलीय, कोकणातनं आणलेली. छताला आतून 10 एमएमचा फोम चिकटवून वर सुती कापड लावलंय, कारण उघडं मेटल रात्री आकाशाखाली हवेपेक्षापण गार पडतं आणि पहिला थेंब तिथंच धरतो.

सांगाड्याचं जरा बोलतो, कारण जीव त्याच्यावर आहे. पिकअपची केबिन वेगळी आणि हौदा वेगळा, दोन्ही खालच्या चेसीवर बसलेत आणि खराब रस्त्यावर चेसी पिळवटते तेव्हा दोघं वेगवेगळे हलतात. म्हणून तंबूचा सांगाडा फक्त हौद्यावर उभा करायचा, केबिनपासून दोन-तीन इंच मोकळं ठेवून. दोन्हीला धरून वेल्डिंग मारलं तर कुठंतरी तडा जाणारच. सांगाडा कोल्हापुरात उद्यमनगरात केला, एक इंची चौरस एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप, 16 गेज. वीस फुटाचा एक नग सातएक किलो भरतो, तीन नगात काम झालं. कोपऱ्यात तिरके टेके हवेतच, कारण तंबू उभ्या गाडीवर दोन माणसं सहज पेलतो पण खरा ताण येतो तो करूळ घाटात उतरताना ब्रेक मारल्यावर, सगळं वजन पुढं धावतंय. पाइपांची तोंडं बंद, खाली पाणी निघायला बारीक भोक, दोन हात रेड ऑक्साईड आणि मग रंग. नट सगळे नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले. साधे नट घाटातल्या हादऱ्यानं ढिले होतात.

वेल्डिंग चेसीवर कुठंही नाही, सगळं नटबोल्टवर. एकतर सीझनला मला गुळाचे रवे (ढेपा) भरायला हौदा मोकळा लागतो. दुसरं म्हणजे मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येत नाही. तुम्ही करणार असाल तर आधी आरटीओत जाऊन विचारा, नंतर नाही. आणि चालत्या गाडीत तंबूत किंवा हौद्यात माणूस बसवायचा नाही, पोरं कितीही हट्ट करूदेत. तंबू बंद करून गाडीची एकूण उंची मोजा आणि स्टेअरिंगजवळ चिकटवून ठेवा, गावातल्या लोंबत्या वायरी आणि पंपाचं छत दोन्ही त्यानं कळतात.

"हे काय नवीन खूळ" असंपण काहीजण म्हणतात. नवीन काही नाही, इटलीत 1958 पासून गाडीच्या टपावरचे तंबू विकतायत. माझ्याकडं तयार विकत घ्यायचे पैसे नव्हते असंही नाही. पण मी पाहिलेले तयार तंबू कोरड्या हवेचे वाटले, आणि मला दाजीपूरच्या बाजूला, आंबा घाटाच्या बाजूला, तेही पावसाळ्यात जायचं असतंय. पावसाळ्यातला सह्याद्री रूमच्या खिडकीतून बघायची गोष्टच नाही, रात्रभर तो आवाज चारी बाजूनं ऐकला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी एवढा सगळा खटाटोप.

मुक्काम कुठं करायचा? अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर, देवळाच्या पटांगणात विचारून, हे सगळ्यात चांगलं. मोठ्या झाडाखाली नको, पावसात फांद्या पडतात. ओढ्याच्या पात्राजवळ नको. आजरा-चंदगडकडं हत्ती उसात येतात, तिकडं फडाजवळ थांबूच नका आणि हौद्याला गुळाचा वास असेल तर आधी धुवून काढा. आत शेगडी पेटवायची नाही, कितीही गारठा असला तरी. कोळसा असूदे नाहीतर गॅस, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

घरी आल्यावर तंबू तसाच मिटून ठेवायचा नाही. सुती कॅनव्हास ओलं मिटलं तर दोन-तीन दिवसात काळे ठिपके पडतात आणि ते परत निघत नाहीत. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचा भरवसा नाही, म्हणून मी गाडी गोठ्याच्या पत्र्याखाली लावून तंबू पूर्ण उघडून एक पंखा लावतो, काथ्या वेगळा काढतो, गादी उभी करतो.

मापं पाहिजेत म्हणून बरेचजण विचारतात. माझी मापं तुमच्या गाडीला बसणार नाहीत, हौदा प्रत्येकाचा वेगळा. तुमच्या हौद्याची आतली लांबी-रुंदी, फाळक्यांची (हौद्याच्या बाजूच्या फळ्यांची) उंची आणि केबिनचं टप फाळक्यापासून किती वर आहे एवढं लिहून आणा, रविवारी गाडी दारातच असते, बसून कागदावर काढू.